दुःखाचा आप्त

रुग्णाने स्वतःच्या प्रकृतीविषयी दिलेल्या उत्तरांना गुण देऊन त्यावर पुढचे उपचार ठरवणे, हे प्राथमिक आरोग्य सेवेत आता रोजचे काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांतही ते चालते. तिशीच्या पुढच्या माणसांचा ‘सीबॅक’ फॉर्म आशाताई घरोघरी भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घराण्यातला आजार यांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलावणे येते. फॉर्ममध्ये मनाविषयीही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का, आणि उदास वाटले का. तिथे गुण तीनच्या वर गेले की माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवायचे. कमरेचा घेर टेपने मोजता येतो, उदासीला मात्र रुग्णाच्या शब्दाखेरीज माप नाही. एकाचे दुःख दुसऱ्याला कळते ते कशाच्या आधारे, हा दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न इथे उपकेंद्रातल्या सिस्टरच्या टेबलावर येतो.

न्यायदर्शनाच्या मते सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण आहेत. ज्याचे त्याला ते मनाने प्रत्यक्ष कळतात. इतरांना चेहऱ्यावरून, कण्हण्यावरून अनुमान करावे लागते. उरतो शब्द, आणि शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त असेल तर. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना कूळ पाहिलेले नाही. जो वस्तू प्रत्यक्ष जाणतो आणि जशी जाणली तशी सांगू इच्छितो तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. या कसोटीवर निंदणाला जाणारी मजूर बाई स्वतःच्या दुखण्यापुरती पूर्ण आप्त ठरते. चरकसंहितेचे विमानस्थानही रुग्णाचे सुखदुःख, आवडनिवड आणि स्वप्ने त्यालाच विचारून जाणायला सांगते. वैद्याचा अधिकार मोठा, पण या बाबतीत रुग्णाला विचारल्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

अडचण आहे ती आप्ताच्या दुसऱ्या अटीत: जाणले तसे सांगण्याची इच्छा. मनाविषयीची प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरावी ही मूळ कल्पना. गावात ती बहुधा आशाताई वाचून दाखवतात. ओसरीवर सासू बसलेली, दारात शेजारीण उभी. सून ‘बरं आहे’ एवढेच म्हणते आणि शून्य गुण पडतात. या शून्यावरून सुनेला खोटी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण खरे बोलण्याजोगी जागाच तिला दिलेली नव्हती. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ च्या ग्रंथात, बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे त्याच्या शब्दाला कमी लेखणे हा ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय मानला आहे. ओसरीवरचा अन्याय त्याच्याही आधी घडतो: शब्द तोंडातून निघतच नाही.

गुणांची बेरीज झाली की शब्दाचे लिंग होते, म्हणजे धुरावरून आग ओळखावी तशी अनुमानाची खूण. सीबॅकमधले मनाविषयीचे दोन प्रश्न जिच्यातून आले, त्या २००१ पासून जगभर रूढ झालेल्या ‘पीएचक्यू-९’ या नैराश्याच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आणि जास्तीत जास्त २७ गुण असतात. त्यात झोप आणि थकवाही विचारतात. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरे शिरू नयेत म्हणून रात्रभर जागल करणारा शेतकरी या दोन्ही प्रश्नांना ‘जवळजवळ रोज’ म्हणतो आणि त्याच्या नावावर सहा गुण चढतात. नैयायिक अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. आगीवरून धुराचे अनुमान चुकते ते ओल्या जळणाची उपाधी नजरेआड झाल्यामुळे. ‘रात्री शेतात होता का, दादा?’ हा फॉर्मबाहेरचा प्रश्न सिस्टर विचारते तेव्हा ती हीच उपाधी शोधत असते. तो विचारायला अर्धे मिनिट लागते, आणि रांग मोठी असली की नेमका तोच गळतो.

म्हणून प्रश्नावली निरुपयोगी ठरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्यासाठी ‘विश्राम’ कार्यक्रम राबवला गेला. तिथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा बदल केवळ प्रश्न विचारल्याने झाला नाही. गावातच समुपदेशन करणारी माणसे होती आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेणारी साखळीही होती.

नीतीचा प्रश्न इथूनच निघतो. विचारणाऱ्याने उत्तराचे उत्तरदायित्व घेतलेले असते. ‘पीएचक्यू-९’ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. शेतकरी आत्महत्यांचे घाव सोसलेल्या वऱ्हाडात तो सहज विचारून पुढे जाण्याजोगा नाही. एखाद्याची बेरीज अवघी तीन असू शकते आणि ते तिन्ही गुण याच प्रश्नाचे असू शकतात. बेरजेच्या नियमाने असा माणूस सौम्य गटातही येत नाही, म्हणून सिस्टरने बेरजेआधी नववी ओळ वाचायची असते. तिथे शून्य नसेल तर त्याच दिवशी, एकांतात, त्याच्याशी बोलणे आणि त्याला डॉक्टरकडे पोहोचवणे किंवा १४४१६ या टेलिमानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर जोडून देणे हे तिचे काम ठरते.