मुकाट्याने केलेला सौदा

जुनी हत्यारे जमविण्याचा व त्यांची खरेदीविक्री करण्याचा छंद अमेरिकेत पुष्कळांस आहे. तेथील स्टॅन्ली कंपनीने सन १८६९ त लेनर्ड बेली ह्याचे हक्क विकत घेऊन सुतारकामाचे लोखंडी रंधे काढिले. त्यांत ‘नंबर १’ सर्वांत लहान, लांबीने सुमारे साडेपाच इंच. कामास तो फारसा पडत नसे, म्हणून खप थोडा. आणि म्हणूनच आज त्यास हजार डॉलरांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, किंमत येते.

तेथे घरचे जुने सामान अंगणात मांडून विकण्याची चाल आहे. समजा, एका सुताराच्या विधवेने असा रंधा पाच डॉलरांस मांडिला, व एका जाणत्याने मुकाट्याने पैसे देऊन तो उचलिला. हा न्याय झाला काय?

कोणी म्हणेल, भाव तिनेच सांगितला. तो खोटे बोलला नाही. शिवाय त्याचे ज्ञान श्रमाने मिळविलेले आहे. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हे. दोघेही व्यापारी असते तर आम्ही दोष दिला नसता. माल पारखणे हा दोघांचाही धंदाच. परंतु विधवेने तो धंदा पत्करिलेला नाही. ज्ञानाची मजुरी अवश्य घ्यावी. दुसऱ्याच्या अज्ञानाची लूट करू नये. आणि जो पोटासाठी नव्हे, तर केवळ हौसेसाठी घेतो, त्यास गरजेची सबबही उरत नाही.

मग त्याने करावे काय? “बाई, ह्याचे मोल अधिक आहे,” एवढे आधी सांगावे, आणि आपला वाजवी नफा धरून सौदा करावा. रंधा कदाचित हातचा जाईल. पण जो घरी येईल, तो उजळ माथ्याने चारचौघांस दाखविता येईल.