शवपेटीपाशी

कार्ल ड्रेयर ह्या डॅनिश दिग्दर्शकाच्या चित्रपटांत धर्माची पक्की खात्री असलेले पुरुष पुनःपुन्हा एखाद्या स्त्रीच्या वेदनेसमोर उभे राहतात. १९२८ च्या मूकपटात ते जोनचे न्यायाधीश आहेत. कॅमेरा तिच्या रंगभूषाविरहित चेहऱ्यावरून हलत नाही. त्यांचेही चेहरे तो तितकेच जवळून पाहतो. (ह्याच जोनला ख्रिस्तसभेने १९२० साली संतपद दिले.)

१९५५ चा ‘ऑर्डेट’, म्हणजे ‘शब्द’, मात्र थेट आपल्या घरात शिरतो. शेतकरी बोर्गेन आणि शिंपी पीटर, दोघेही प्रभूचेच. पण पंथ निराळे, म्हणून मुलांचे लग्न अडते. गंमत अशी, की पीटरने आपल्या मुलाला नाकारले हे कळताच, आधी विरोध करणाऱ्या बोर्गेनचा अभिमान दुखावतो आणि तो लग्नाला तयार होतो! कांजूरमार्गच्या आपल्या घरांतही ‘मुलगी आपल्यातली नाही’ हे वाक्य श्रद्धेपोटी येते की अभिमानापोटी?

बोर्गेनची सून इंगर बाळंतपणात मरते. शेवटी ती शवपेटीतून उठते, आणि चर्चा होते ती त्याच चमत्काराची. पण ती उठण्यापूर्वीच पीटर आपल्या मुलीला घेऊन तेथे आलेला असतो. तो तिला त्या घरात देऊन टाकतो. एवढ्यासाठी इंगरला मरावे लागले होते.