कुणाचे पाप?



असे एखादे लेकरू तुमच्याही गावात असेल. दूध पिताना घामाघूम होते, अंग धरत नाही, रडले की ओठ निळे पडतात. डॉक्टर सांगतात, हृदयाच्या पडद्याला जन्मतःच छिद्र आहे. पुढच्या तपासणीत कळते, की गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झाला आहे. मग ओसरीवर कुजबुज सुरू होते. आईने ग्रहण पाळले नसेल. कुणाचे तरी पाप फळाला आले.

माउली, जरा थांबू या. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. पोथी उतरवून घेताना एखादे पान चुकून दोनदा लिहिले जावे, तसा क्वचित त्यांचा एखादा भाग दोनदा उतरतो. कधी हे बीज तयार होतानाच घडते, कधी आईकडून किंवा वडिलांकडून नकळत येते. हृदय तर पहिल्या दोन महिन्यांतच आकार घेते. ग्रहणात विळी हातात धरल्याने यातले काहीही घडत नाही.

तुम्ही म्हणाल, मग प्रारब्ध खोटे का? नाही. पण तो शब्द स्वतःचे दुःख सोसायला आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायला नाही. आपल्यावर आले तर प्रारब्ध म्हणावे. शेजाऱ्यावर आले तर धावून जावे.

आणि आठवा, आळंदीच्या चार भावंडांना लोकांनी काय म्हणून वाळीत टाकले? संन्याशाची पोरे म्हणून. आईबापांचा दोष लेकरांच्या माथी मारणाऱ्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. त्या लेकरांतल्या एकाला आपण माउली म्हणतो. त्यांची पालखी खांद्यावर घेणाऱ्याने तोच निवाडा पुन्हा कसा करावा?

म्हणून त्या आईला कारण विचारू नका, सोबत करा. नवसाची वाट पाहत दिवस घालवू नका, वेळेवर इको करून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते, त्यात जन्मजात हृदयविकारही पाहतात. काही छिद्रे आपोआप बुजतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. गुणसूत्र मात्र बदलत नाही. ते मूल बोलायला, चालायला उशीर लावू शकते, आणि सोबत वर्षानुवर्षे लागू शकते.

वाटेत थकलेल्याचे गाठोडे आपण न विचारता उचलतो. हेही तसेच एक गाठोडे आहे, माउली. उचलू या.