चारशे नव्वद वेळा

येशूला मसीहा मानणारे काही ज्यू अमेरिकेत आहेत. ते त्याला ‘येशुआ’ म्हणतात, शब्बाथ आणि ज्यू सणही पाळतात. त्यांच्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात क्षमेचा धडा घ्यायचा, तर बायबलमधल्या योसेफची गोष्ट हाताशी असतेच. भावांनी चांदीच्या 20 नाण्यांना विकलेला मुलगा मिसरचा कारभारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला येतात. आता सूड, असं मुलांना वाटतं! योसेफ मात्र ना सूड घेतो, ना लगेच मिठी मारतो. आधी भावांना पारखतो, आडोशाला जाऊन रडतो. मला ही दिरंगाईच फार खरी वाटते.

मग येशूला त्याचा शिष्य पेत्र याचा प्रश्न: क्षमा किती वेळा, सात? येशूचं उत्तर येतं, साताच्या सत्तर पट. म्हणजे 490. एखादं हिशेबी पोर वही काढणारच.

इ. स. 200च्या सुमाराची मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा संग्रह, मात्र अट घालते. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, देवाविरुद्धचे अपराध धुतले जातात. पण माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्याचीच समजूत काढायची. म्हणजे मित्राचा चेंडू लपवला असेल, तर प्रार्थना पुरत नाही. चेंडू काखेत धरून, मान खाली घालून, शेजारच्या खोलीचं दार वाजवावं लागतं.