मृगातलं कासव

डोळे मिटू नका. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे.

कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या पाझर तलावाच्या काठी जाऊन बसा. ७ जून उलटला आहे, मृग लागला आहे, रात्री पहिला दमदार पाऊस पडून गेला आहे. इसापूर धरण अजून भरायचं आहे, कयाधूला नुसतं गढूळ पाणी आलं आहे. समोरच्या काळ्या मातीतली एक भेग निवडा. तिच्या कडा फुगताहेत, ढेकळं विरघळताहेत. एखादा लाल मखमली मृगाचा किडा त्या कडेवरून चालला असेल. त्याला जाऊ द्या. श्वास चालला आहे तसाच चालू द्या.

या मातीखाली कुणीतरी उन्हाळा काढला आहे. थंड मुलखातली कासवं हिवाळाभर निजतात. आपल्या तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव पाणी आटलं की चिखलात शिरतं, आणि वरची माती वाळून दगड झाली तरी खाली पडून राहतं. खाणं बंद, हालचाल जवळजवळ नाहीच. पोटाच्या कवचाचा पुढचा भाग दुमडून डोकं झाकतं, मागच्या पायांवर दोन झडपा ओढून घेतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. ती ऐकून ऐकून गुळगुळीत झाली असेल, तर या झडपा एकदा जवळून बघाव्यात.

आता चिखल एका जागी हलतो. आधी वर येतं ते नळीसारखं लांबुडकं नाक. मग बराच वेळ काहीच नाही. तुम्हीही काही करू नका. मग उपड्या तव्यासारखी पाठ हळूहळू वर येते, मान निघते, पुन्हा आत जाते.

इथे स्वतःच्या हाताकडे लक्ष द्या. तो पुढे व्हायला बघतो आहे. चिखल धुवावा, पाणी पाजावं, घरी टबात ठेवून लेकरांना दाखवावं. असं वाटण्यात वाईट काही नाही, फक्त ते येताना आणि जाताना बघा. संतांची कासवी पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते. खरी कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, पिलांची आणि तिची गाठही पडत नाही. तरी ती कल्पना माझ्याच्यानं सोडवत नाही, कारण कासवाला माणसानं द्यायची ती नुसती नजरच आहे.

इंग्लंडात गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्यानं आत्याच्या बागेतलं तिमथी हे कासव वर्षानुवर्षं न्याहाळलं. आत्या वारल्यावर, १७८० च्या मार्चमध्ये, त्यानं ते निजलेलं असतानाच उकरून घोडागाडीतून घरी आणलं. रस्त्याच्या धक्क्यांनी ते पुरतं जागं झालं! इतकं प्रेमानं बघणाऱ्यालाही शेवटी हात आवरला नाही. आणि त्याचं कवच पुढे तपासलं, तर तिमथी मादी निघाली.

आपल्याकडे हात आवरायला कायदाही आहे. आपलं हे मऊ पाठीचं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. लक्ष्मी येते म्हणून ते घरात ठेवणं हा गुन्हाच. पण कायद्याच्या धाकानं लांब राहणं वेगळं, आणि त्याला आपली गरज नाही हे कळून शांत बसणं वेगळं. त्याला पाणी लागतं, ते त्याला सापडेल. गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती सगळं त्याच्या ओळखीचं आहे.

कधी मात्र हात लावावाच लागतो. मे महिन्यात तलावातला गाळ काढताना जेसीबीच्या बकेटात निजलेलं कासव येऊ शकतं, आणि गाळाबरोबर ट्रॉलीतून थेट शेतात जाऊ शकतं. म्हणून गाळ पसरताना एक नजर ठेवावी. सापडलं तर सावलीत, ओलसर मातीत ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. खोल पाण्यात भिरकावू नये. पावसात रस्ता ओलांडताना दिसलं तर कवचाच्या मागच्या बाजूनं दोन्ही हातांनी, जमिनीलगत धरावं. मान लांब असते, चावा कडक. तोंड ज्या दिशेला होतं त्याच बाजूला रस्त्यापलीकडे सोडावं. अलीकडे परत ठेवलं तर ते पुन्हा रस्त्यावर येणारच.

समोरचं कासव आता चिखलातून सुटलं आहे. ते कोणत्या बाजूला वळतं तेवढं लक्षात ठेवा. उद्या पेरणीला ट्रॅक्टर नेताना ती बाजू सोडून न्यायला सांगता येईल.