रोगी येण्यापूर्वीची करुणा



संकट कोसळल्यावर धावून जाणारा मनुष्य सर्वांना दिसतो. त्याचा सत्कारही होतो. परंतु संकट नसताना खाटा, औषधे, प्राणवायू यांची तजवीज करणाऱ्याला लोक विचारतात, "हा खर्च कशाला?" ज्या कृतीचा रोगी अद्याप समोर नाही, तिला करुणा म्हणावे काय?

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तथागतांनी आनंदासह त्याला धुतले, खाटेवर निजविले. आपण एवढेच सांगतो व थांबतो. पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. तथागतांनी संघ जमविला आणि आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करायची ते नेमून दिले: उपाध्यायाने, शिष्याने, सोबत राहणाऱ्याने, कोणीच नसेल तर संघाने. पुढच्या रोग्याची सोय तो पडण्यापूर्वीच झाली.

आपल्या नंदुरबारचेच पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने येथे पहिला प्राणवायू प्रकल्प उभा राहिला. हवेतला नायट्रोजन वेगळा काढून रुग्णालयातच प्राणवायू देणारे हे यंत्र. एकाची किंमत सुमारे ८५ लाख रुपये. पहिली लाट ओसरली तरी काम थांबले नाही. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडरसाठी वणवण करीत होते, तेव्हा येथील प्रकल्पांची क्षमता मिनिटाला २,४०० लिटर होती.

दुसरी लाट आलीच नसती तर? अक्कलकुवा-धडगावच्या कुपोषित बालकाची भूक आजची आहे, हा आक्षेप खोटा नव्हे. पण न्यूमोनिया झालेल्या त्याच बालकाला प्राणवायूही लागतो. खरी उणीव वेगळी आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवरून रोग्याला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरावा लागल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. यंत्र जिल्ह्याच्या गावी आणि श्वास धडगावच्या डोंगरात, तर काय उपयोग?

वाटेत कोणी दगावला की आपल्याही घरांत "नशिबात होते" असे तोंडातून निघते. पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये नाकारली आहे. पाऊस निसर्गाचा; पण फरशी नसणे, रस्ता नसणे यांना माणसांत कारण असते, आणि ते दूर करता येते. त्यासाठी ग्रामसभेत अर्ज द्यावा लागतो, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. नालेही तेव्हाच भरतात. त्या दिवशी वंदना झाली की विहारात एवढे विचारून घ्या: रात्री पूर आला तर वस्तीतली गरोदर बाई कोण नेणार, कोणाच्या गाडीतून, कोणत्या वाटेने? आणि १०८ ला फोन लागला नाही तर?