फोटोतून पुसलेला माणूस

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने व्होस्टोक यानातून पृथ्वीला एक प्रदक्षिणा घातली. सारा प्रवास १०८ मिनिटांचा. त्या दिवसांतले फोटो जगभर छापले गेले. त्यांपैकी एकाविषयी आम्हांला लिहावयाचे आहे. तो मात्र अंतराळातला नाही. मे १९६१ मध्ये काळ्या समुद्राकाठी सोची येथे विश्रांतीस गेलेल्या अंतराळवीरांचा तो गटफोटो आहे.

या फोटोच्या दोन तऱ्हेच्या प्रती आहेत. एकीत एक तरुण दिसतो. दुसरीत त्याच्या जागी नुसती पार्श्वभूमी रंगविली आहे. हा तरुण ग्रिगोरी नेल्युबोव्ह. १९६० साली निवडलेल्या २० वैमानिकांतून जे पहिले सहा पुढे काढले, त्यांत तो होता. गागारिनच्या उड्डाणासाठी टिटोव्हच्या मागोमाग राखीव म्हणून तोच होता. १९६३ साली एका रेल्वे स्टेशनवर, दारूच्या अंमलात, त्याची व दोन सोबत्यांची लष्करी गस्तीशी बाचाबाची झाली. माफी मागितली असती तर प्रकरण मिटले असते, असे सांगतात. त्याने ती मागितली नाही. तिघांनाही पथकातून काढले. १८ फेब्रुवारी १९६६ रोजी नेल्युबोव्ह आगगाडीखाली मरण पावला.

शिक्षा योग्य होती काय? आमच्या मते होती. अशा कामात शिस्त हवीच. पण शिक्षा वेगळी आणि कुंचला वेगळा. शिक्षा म्हणते, तू हे केलेस, म्हणून यापुढे ही जागा तुझी नाही. कुंचला म्हणतो, तू कधी नव्हतासच. आणि वाचकहो, सोचीतल्या त्या दिवशी नेल्युबोव्हने कोणताच अपराध केलेला नव्हता! १९६३ चा दोष १९६१ च्या माणसाला लावण्याचा अधिकार कोणाला?

मुख्य अभियंता कोरोल्योव्ह याचे नाव १९६६ साली तो मरेपर्यंत जाहीर झाले नाही, हेही खरे. परंतु नाव न सांगणे निराळे आणि होते ते नव्हते म्हणणे निराळे.

संडे स्कूलचे शिक्षक कदाचित म्हणतील, मुलांपुढे आदर्श निर्मळच असावेत. ही अडचण खरी आहे. पण त्याच वर्गात एखादा मुलगा असा बसलेला असतो की, ज्याचा बाप दारू पितो व त्यापायी नोकरीही घालवून बसला आहे. चुकलेल्यांना आपण चित्रात ठेवीत नाही, हे त्या मुलाला न सांगताच कळते. तो बापाचे नाव काढीनासा होतो.

शिवाय लपविण्याने साधले काय? पुसलेले चेहरे पाहून पाश्चात्य देशांत तर्क सुरू झाला की, ही माणसे अंतराळातच मेली असावीत. व्हॅलेंटीन बोंडारेंको हा एक उमेदवार २३ मार्च १९६१ रोजी, उड्डाणाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, सरावाच्या बंद खोलीत आग लागून भाजून गेला. त्याचा तर काही अपराधही नव्हता. तरी ते मरण झाकून ठेवले.

१९८६ साली ‘इझ्वेस्तिया’त पत्रकार यारोस्लाव गोलोव्हानोव्हने या माणसांची हकीकत छापली. नेल्युबोव्हला जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.